लंका, मागच्या दारानं

श्रीलंकेत बघण्यासारखं काय आहे, असं मला कुणी विचारलं की मी आधी हॉटेलांची मागची दारं सांगतो. कॅंडीच्या हॉटेलाच्या मागच्या दारातून तळं दिसतं, पण फणसाच्या झाडाआडून. नुवारा एलियाला मागच्या दारात इतकी थंडी, की तूप चमच्याला चिकटून बसतं. बेंटोटाला समुद्रच हॉटेलच्या मागे आहे, त्यामुळे तिथं आमची चैन, समोर लाटा आणि हातात दुधी. पुढच्या दारानं ही गावं कशी दिसतात, ते मला गिऱ्हाइकांच्या मोबाइलमधल्या फोटोंवरून ठाऊक. सुरतच्या एका टूर कंपनीचा मी स्वयंपाकी होतो आणि लंकेला इतक्या वेळा जाऊन आलो, की कोलंबोच्या बाजारातली भाजीवाली मला लांबून बघूनच कोथिंबीर बाजूला काढायची.

बाहेरच्या माणसाला हा धंदा समजत नाही. स्वयंपाकी टूरबरोबर कशाला, तिथं हॉटेलं नाहीत का? आहेत की. पण 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' म्हणणारी ही माणसं. जगाच्या पाठीवर कुठंही नेऊन सोडा, दुपारी दाळ, भात, शाक आणि रोटली समोर आली नाही, तर त्यांना देश बघितल्यासारखा वाटत नाही. म्हणून पुढे गिऱ्हाइकांची बस आणि मागे आमची व्हॅन. व्हॅनमध्ये शेगड्या, गॅसचा बाटला, तपेल्या, शिंगतेलाचे म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचे डबे आणि सुरतहून नेलेले मसाले. नुसतं मागे राहूनही चालायचं नाही. बसनं वाटेत कुठं फोटोला थांबा घेतला की आम्ही पुढे सटकायचं आणि बस पोचायच्या आधी चहा उकळलेला हवा. सिगिरियाचा एवढा मोठा खडक चढून उतरलेल्या माणसाला देखावा नको असतो, चहा हवा असतो.

चहावरून आठवलं. नुवारा एलियाला चहाचे मळे आणि कारखाने. तिथं पाहुण्यांना पांढऱ्या कपात कोरा चहा देतात, दूध नाही, साखर नाही. आमची मंडळी आत मान डोलवत, वास घेत, घुटके घेत. बाहेर आली की थेट व्हॅनकडे. 'महाराज, चा मूको ने, आदुवाळी. अंदर तो गरम पाणी पीधुं.' जगातला नावाजलेला चहा जिथं पिकतो, त्याच्या फाटकाबाहेर मी सुरतच्या पुडीतला चहा आलं घालून उकळत उभा असायचो. मळ्यातल्या बायका टोपल्या पाठीला लावून जाताना आमच्याकडे बघून हसायच्या.

एकदा हबरणाच्या रस्त्यावर हत्ती आडवा आला. रानातला, खराखुरा. बस थांबली, मागे आम्ही थांबलो. सगळे फोटो काढण्यात दंग, पण बसमध्ये एक जैन जोडपं होतं आणि सूर्य चालला होता खाली. ते सूर्य मावळल्यावर पाणीही घेत नसत. हत्तीला कोण सांगणार? मग मी खिचडी-कढी ताटात वाढली आणि व्हॅन बसला खेटून उभी करायला लावून खिडकीतून खिडकीत ताटं दिली. हत्ती बघत राहिला. जोडप्यानं शेवटचा घास घेतला, ऊन गेलं आणि मगच हत्तीनं रस्ता सोडला. त्या दोघांनी पुढे प्रत्येक दिवाळीला मला सुतरफेणी पाठवली.

आता मुद्द्याची गोष्ट. गुजरातेत स्वयंपाक्याला महाराज म्हणतात आणि महाराज म्हटला की तो ब्राह्मणच असणार, हे लोक धरूनच चालतात. मी ब्राह्मण नाही. आम्ही बौद्ध. वडील खानदेशातून सुरतेला लूमवर आले, नवागामात, खानदेशी कामगारांच्या वस्तीत खोली घेतली आणि आई लूमच्या कामगारांसाठी खाणावळ चालवायची. स्वयंपाक मी तिच्याकडे शिकलो. टूर कंपनीत लागलो तो भांडी घासायला. जुने महाराज गुडघ्यांनी थकून राजस्थानात आपल्या गावी गेले, तेव्हा मालक जिग्नेशभाईंनी माझ्या हातची दाळ चाखली आणि म्हणाले, 'आजथी तू महाराज.' माझी जात त्यांना माहीत होती. ते एवढंच बोलले, की नाव फक्त सुदाम सांगायचं. आडनाव टूरला न्यायचं नाही, सामानाचं वजन वाढतं.

माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाऐवजी 'महाराज' छापलेलं असायचं. मी कुणाला खोटं सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. एकदा एका नव्या जोडप्यानं चक्क पायाला हात लावला. मी आशीर्वाद दिला. आशीर्वादाला कुठं आडनाव लागतं? पण गंमत गमतीच्या जागी. आतून ते बोचायचं. माझ्या हातच्या रोटलीची वाहवा व्हायची आणि मला वाटायचं, ही वाहवा बिल्ल्याला चालली आहे, मला नाही.

घरी शोभा, म्हणजे माझी बायको, वेगळंच बोलायची. लंकेत अनुराधपूर नावाचं गाव आहे. जिथं बुद्धाला ज्ञान झालं, त्या बोधिवृक्षाची फांदी फार पूर्वी तिथं नेऊन लावली. ती अजून जिवंत आहे. आमच्यासाठी त्याहून मोठी जागा त्या बेटावर नाही. आमची टूर तिथं दर वेळी जायची, पण नेमकी जेवणाच्या वेळेला. मंडळी बोधीकडे जायची आणि मी गाड्या उभ्या करतात त्या मैदानात वाटाणे सोलायचो. शोभा विचारायची, 'लंकाले जास, अन् बोधीले वंदन कराले तुले वेळ नही?' मी म्हणायचो, पुढच्या वेळी. यावर ती माझी बॅग भरायला घ्यायची. ते मला जास्त लागायचं.

व्हॅनचा ड्रायव्हर बंडारा, सिंहली माणूस. त्याला हिंदी येत नाही, मला सिंहली येत नाही आणि इंग्रजी दोघांचं सारखंच मोडकं. पहिल्या दिवशी गाडी सुरू करताना त्यानं काचेजवळच्या बुद्धाच्या चित्राला हात जोडले आणि 'नमो तस्स भगवतो' एवढं पुटपुटला. पुढचं मी पुटपुटलो. त्यानं चालू केलेली गाडी बंद केली. माझ्याकडे बघितलं, मग सगळी वंदना आम्ही दोघांनी मिळून म्हटली. पाली आमच्या नवागामातल्या विहारात तीच आणि त्याच्या गावात तीच, चालीत थोडा फरक. त्या दिवसापासून नारळ खवून द्यायचं काम बंडारानं आपणहून घेतलं.

ज्या टूरची ही गोष्ट, तिच्यात सविताबा होत्या. टूरमधल्या सगळ्यात वयस्कर. मुलगा नितीनभाई कापडाचा व्यापारी, पलसाण्याला रंगाईचं युनिट. सविताबांचा नेम होता, ब्राह्मणाच्या हातचं असेल तरच खायचं. सासूनं लग्नात घातलेला नेम, तो त्यांनी नवरा गेल्यावरही पाळला. महाराज बरोबर आहेत म्हणूनच त्या लंकेला यायला तयार झाल्या. दात कमी, म्हणून मी त्यांची रोटली वेगळी करायचो, तुपात भिजवून मऊ. त्या रोज ताट परत द्यायला स्वतः यायच्या आणि म्हणायच्या, 'महाराज, तमारा हाथमां ठाकोरजी छे.' हातात देव म्हणे, आणि मी मान खाली घालून ताट घ्यायचो. त्या बाईचा मला लळा लागला होता आणि तेच अवघड होऊन बसलं होतं.

अनुराधपूरला पोचायचा दिवस नेमका ज्येष्ठ पौर्णिमेचा आला. ही तारीख नितीनभाईंनीच हट्टानं धरली होती, कारण पौर्णिमेला तिथली तळी छान दिसतात म्हणे. खरं कारण सगळ्या पुरुषमंडळींना ठाऊक होतं. गुजरातेत दारूबंदी, तेव्हा परदेशात मोकळेपणानं बसायचं, चांदण्यात. बिचाऱ्यांना हे माहीत नव्हतं, की लंकेत दर पौर्णिमेला सुट्टी असते, तिला पोया म्हणतात आणि त्या दिवशी सबंध देशात दारूचा थेंब विकत नाहीत. हॉटेलच्या पोऱ्यानं हे सांगितलं तेव्हा नितीनभाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. 'अहीं पण?' एवढंच ते म्हणाले. मी त्यांना लिंबू सरबत दिलं.

बायकांची वेगळीच धांदल. ज्येष्ठ पौर्णिमा म्हणजे वटपौर्णिमा. सगळ्यांचे उपवास, सुरतहून सूत आणलेलं, पण अनुराधपूरच्या वाटेवर वड कुठं शोधायचा? शेवटी पिंपळाची चर्चा सुरू झाली. बोधी पिंपळच. 'पीपळो चाले?' असं मला विचारलं, महाराज ना मी. मी म्हटलं, मनापासून गुंडाळाल तर चालेल. सगळ्यांना ते पटलं.

रस्त्यानं जाताना पाहावं तिकडे माणसं पांढऱ्या कपड्यांत. म्हातारी, तरुण, कडेवरची पोरं, सगळी पांढरी. कुणी मोठा माणूस गेला का, अशी बसमध्ये चौकशी झाली. मग एका वळणावर पोरांनी झेंडे हलवत बस अडवली. आपल्याकडे झेंडे घेऊन पोरं गाडी अडवतात ती कशाला, हे सुरतच्या माणसाला सांगावं लागत नाही. वर्गणी समजून नितीनभाई खिशात हात घालून खाली उतरले. 'फाळो हशे. आपी दो, नहीं तो जवा नहीं दे.' त्यांनी नोट पुढे केली. पोरानं हात मागे घेतले. नितीनभाईंना वाटलं कमी पडली, त्यांनी आणखी एक जोडली. पोरगा हसायला लागला, त्यांचा हात धरून त्यांना मांडवात घेऊन गेला आणि बाकावर बसवून पुढ्यात भात, डाळ, भोपळ्याची भाजी वाढली.

व्हॅनमधून उतरून मी पुढे गेलो आणि समजावून सांगितलं. याला दानसल म्हणतात. पौर्णिमेला गावातली माणसं शिधा गोळा करून रांधतात आणि रस्त्यानं जाणाऱ्याला अडवून जेवू घालतात. ओळख लागत नाही, पैसे लागत नाहीत. 'मफत?' नितीनभाईंनी विचारलं. मफत. 'बधाने?' सगळ्यांना. व्यापारी माणूस, त्यानं मांडवातली माणसं मोजली. मग म्हणाला, 'तो आ लोकोने फायदो शुं?' आणि आपणच ओशाळून भात कालवू लागला. पुरुषांनी दोन-दोनदा भात घेतला. उपवासवाल्या बायकांना केळी मिळाली.

सविताबा बसमधून उतरल्या नाहीत. कुणी रांधलं ते माहीत नाही, तर त्या खाणार कशा? सकाळपासून नुसत्या चहावर होत्या. अनुराधपूरला बस थांबली, बायका सूत घेऊन निघाल्या, पुरुष भरल्या पोटानं मागोमाग आणि मैदानात उरलो आम्ही. बंडारा पांढरा सदरा घालून तयार उभा. माझ्यासाठीही एक आणला होता त्यानं. 'टुडे नो कुकिंग. टुडे यू कम,' तो म्हणाला. खरंच, सगळे जेवलेले, भांडं घासायचंही काम नव्हतं. इतक्या वर्षांत असा दिवस आला नव्हता. मी सदरा हातात घेतला आणि बसच्या खिडकीत मला सविताबा दिसल्या.

सदरा परत व्हॅनच्या दांडीला टांगला. बंडारा एकटा गेला. मुगाची खिचडी टाकली, पापड भाजला, ताट घेऊन बसमध्ये चढलो. खरं सांगतो, त्या वेळी मला राग आला होता. बांवर नाही, त्या बिल्ल्यावर. बांनी दोन घास खाल्ले आणि मी बोधी बघायला गेलो नाही म्हणून विचारलं, 'महाराज, तमे जोवा न गया?'

'मारुं जोवानुं कुकरमां छे, बा.'

त्यांनी ताट संपवलं, बोटं पुसली आणि म्हणाल्या, 'मारेय वड पूजवानो नथी हवे. चालो, आपणे बे जईए.' नवरा गेलेल्या बाईला वटपौर्णिमा कसली, म्हणून बाकीच्या बायका त्यांना बसमध्ये ठेवून गेल्या होत्या, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

मी तो पांढरा सदरा चढवला. बिल्ला जुन्या सदऱ्यावरच राहिला. बांची साडी विधवेची, पांढरीच. चपला काढून आम्ही वाळूतून निघालो. त्या पांढऱ्या गर्दीत आम्ही दोघं इतके मिसळून गेलो, की एका सिंहली आजीनं बांच्या हातात कमळ दिलं आणि काहीतरी विचारलं. बांनी गुजरातीत उत्तर दिलं. दोघींचं भागलं.

बोधी उंच चौथऱ्यावर आहे. सोनेरी कठडा, फांद्यांना खालून टेकू दिलेले, पानं सळसळत होती. एवढंसं झाड. मला वाटलं होतं केवढं मोठं असेल. खाली वाळूत माणसंच माणसं बसलेली. कुणीतरी सुरुवात केली आणि सगळं मैदान म्हणू लागलं, 'नमो तस्स'. मी ठरवलं होतं तोंड मिटून नुसते हात जोडायचे. शेजारी बा होत्या. पण माझं तोंड माझं राहिलं नाही. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मी मोठ्यानं म्हणत होतो आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आई आठवली, शोभा आठवली, खाणावळीच्या भिंतीवरचं बुद्धाचं चित्र आठवलं. ज्या देशात मला दाळीचं नाव सांगता येत नव्हतं, तिथं हजारो माणसं माझ्या घरातलं बोलत होती. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

संपल्यावर बांनी मला हे कसं येतं म्हणून विचारलं, 'आ तमने क्यांथी आवडे?'

आता खोटं बोलायची वेळ आली होती आणि त्या झाडाखाली ते जमण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, 'बा, आ अमारुं छे. घरे रोज बोलीए. अमे बौद्ध, नवागामना.'

सुरतच्या माणसाला एवढं पुरतं. बा माझ्याकडे बघत राहिल्या. कमळ त्यांनी माझ्या हातात दिलं, की धरायला कंटाळल्या म्हणून दिलं, ते मला कळलं नाही. मी ते वाहिलं. परत येताना वाळू तापली होती. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला, कारण धरल्याशिवाय चालणं शक्य नव्हतं. बसच्या पायरीशी तो सोडून त्या वर चढल्या.

संध्याकाळच्या जेवणाला बा आल्या नाहीत. 'बाने पेटमां ठीक नथी,' नितीनभाई निरोप देऊन गेले. मी जे समजायचं ते समजलो. त्यांची मऊ रोटली केलेली तशीच राहिली. मुलाला सांगतील, मुलगा जिग्नेशभाईंना फोन करील, मग महाराज बदलतील. नोकरीचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त लागलं ते ताट परत द्यायला कुणी आलं नाही याचं.

सकाळी मी मागच्या अंगणात थेपल्यांची कणीक मळत होतो, वाटेत खायला थेपले लागतात. मागचं दार उघडलं आणि बा आल्या. टूरमधलं कुणीही कधी त्या दारानं आलं नव्हतं. पदर खोचलेला. माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, 'आखी रात विचार कर्यो. पण खिचडी तो पची गई.'

मला हसावं की रडावं कळेना. त्यांनी विचारलं, 'आखुं नाम शुं तमारुं?'

'सुदाम बागूल.'

'हं. आजे थेपला हुं वणीश. तमे शेको.' आणि पोळपाट ओढून बसल्याच. वय एवढं, पण थेपला गोल. मी भाजत होतो, बंडारा नारळ सोडून बघत बसला होता. पहिला थेपला तव्यावरून उतरला, तो बांनी बशीत घालून माझ्यापुढे सरकवला. स्वयंपाकी सगळ्यांच्या शेवटी खातो, उभ्यानं आणि गार. तो थेपला इतका गरम होता, की जीभ भाजली.

तेवढ्यात चहा का आला नाही म्हणून नितीनभाई दारात आले आणि मागे अर्धी बस. आई पोळपाटावर, महाराज खातायत, हे बघून ते थबकले. 'महाराज, आ शुं?'

बांनी लाटणं खाली ठेवलं नाही. 'महाराज कोई नथी. सुदामभाई बागूल छे, नवागामना. में एमना हाथनुं खाधुं छे ने खावानी छुं. तमारे जमवुं होय तो बेसी जाव.'

बागूल आणि नवागाम, एवढ्यावर सगळ्यांना सगळं कळलं. नितीनभाईंनी आईकडे बघितलं, थेपल्याकडे बघितलं आणि तिथंच पायरीवर बसले. ते बसल्यावर बाकीचे बसले. एक जोडपं मात्र आत निघून गेलं आणि टूर संपेपर्यंत त्यांनी माझ्या हातचं शिजवलेलं काही घेतलं नाही, फळांवर राहिले. मीही मनात काही ठेवलं नाही. पपई, अननस, आंबा, रोज सकाळी मीच चिरून त्यांच्या टेबलावर पाठवत होतो. गोड आहे की नाही, ते आधी एक फोड खाऊन बघून.